मागितलेलं आणि आलेलं

सातवीतल्या एका मुलीला शाळेने माझ्याकडे पाठवलं, तेव्हा चिठ्ठीवर कारण एवढंच होतं: 'इतर मुलांना घाबरवते.' चौकशी केली तेव्हा कळलं, की जेवणाच्या सुट्टीत तिने वर्गातल्या एका मुलीला सांगितलं होतं, "तुझे आजोबा आता फार दिवस नाहीत." नऊ दिवसांनी आजोबा गेले. पुढच्या सोमवारपासून हिच्या टेबलापाशी रांग लागायला लागली. कुणाला हरवलेला इअरफोन कुठे आहे ते हवं होतं, कुणाला आईबाबा वेगळे होणार का ते. कुणी एक डॉलर देई, कुणी चिप्सचं पाकीट. त्यात एका मुलीची झोप उडाली, तिच्या पालकांनी मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं आणि प्रकरण माझ्या टेबलावर आलं.

हे प्रकरण मी शिकाऊ समुपदेशकांच्या वर्गासाठी बांधलं आहे. मुलगी रचलेली आहे, त्यामुळे कुणी तिला शोधत बसू नये. कायदा, चर्चचे नियम आणि संशोधन यांबद्दल जे येईल ते मात्र खरं आहे.

घर

जर्सी सिटी, न्यू जर्सी, सप्टेंबर २०२२. मुलगी बारा वर्षांची, जन्म इथलाच. आईवडील फिलिपिन्समधून आलेले. आई रुग्णालयात रात्रपाळीची नर्स, वडील गोदामात. सोबत आईची आई, म्हणजे लोला. टागालोगमध्ये आजीला लोला म्हणतात. अमेरिकेत फिलिपिनो नर्स एवढ्या का, याचं उत्तर जुनं आहे. १८९८ पासून १९४६ पर्यंत तो देश अमेरिकेच्या ताब्यात होता, तिथे नर्सिंगच्या शाळा अमेरिकी धर्तीवर आणि इंग्रजीत निघाल्या, आणि १९६५ च्या स्थलांतर कायद्याने दार उघडल्यावर तिथल्या नर्स इथल्या रुग्णालयांत भरती होत गेल्या.

घरातली शिस्त कडक. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, बुधवारी नोव्हेना नावाची प्रार्थना, रोज संध्याकाळी साडेपाचला रोझरी, म्हणजे जपमाळ. आईला सातच्या पाळीसाठी लवकर निघावं लागलं तर ती गाडीतून फोनवर उत्तरं द्यायची, म्हणजे अर्धी 'नमो मरिया' दिवाणखान्यात आणि उरलेली अर्धी पुलाच्या ट्रॅफिकमध्ये. मैत्रिणीकडे रात्री राहायला जायचं नाही, हॅलोविन नाही, राशिभविष्य वाचायचं नाही. भिंतीवरच्या फळीवर लाल झग्यातला बाळ येशू, शेजारी फातिमाची माता (पोर्तुगालमधल्या फातिमा गावात तीन मुलांना दिसलेली मरिया), विजेवर चालणारी मेणबत्ती, आणि त्या रांगेत एक फ्रेम केलेला फोटो: तीता, म्हणजे मावशी, निळ्या गणवेशात.

आई तिला 'आते' म्हणायची. मराठी कानाला ती आत्या वाटेल, पण टागालोगमध्ये आते म्हणजे थोरली बहीण. तीही नर्स. एप्रिल २०२० मध्ये कोविडने गेली. त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत कोविडने गेलेल्या अमेरिकी नर्सची नोंद एका नर्स संघटनेने प्रसिद्ध केली, त्यात जवळजवळ एक तृतीयांश फिलिपिनो होत्या. देशातल्या एकूण नर्समध्ये त्यांचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास आहे.

तीताला कुणी भेटू शकलं नाही. मयत घरी आलं नाही. फिलिपिनो घरात माणूस गेलं की काही रात्री जागून काढतात, त्याला लामाय म्हणतात. मग नऊ दिवस प्रार्थना, त्याला पासियाम. आत्मा चाळीस दिवस आसपासच असतो असं मानतात आणि चाळिसाव्या दिवशी त्याला निरोप देतात. यातलं काहीही झालं नाही. फोनच्या पडद्यावर एक प्रार्थना झाली, तीही मध्येच अडकली.

ज्या पहाटे तीता गेली, त्या पहाटे नऊ-दहा वर्षांची ही मुलगी उठून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "तीता गेली. माझ्या पायापाशी उभी होती." तासाभराने फोन आला.

फोन येण्याआधीच आईने तिच्या तोंडावर हात ठेवला होता. मारलं नाही, हात ठेवला. "पुन्हा असं बोलायचं नाही." लोलाने क्रूसाची खूण केली आणि नातीला न्हाणीघरात नेलं. टबाच्या कडेवर बसवलं, पाण्याच्या भांड्यात चर्चमधून आणलेल्या मेणबत्तीचं मेण थेंबथेंब सोडलं आणि गोठलेल्या आकारात बघत बसली. हा तावासचा विधी. त्रास कुठून आला ते मेणात किंवा तुरटीत बघायचं. न्हाणीघरातच का, तर तिथे पंखा असतो आणि धुराची घंटा वाजत नाही.

एका घराने एका तासात एका मुलीला दोन उत्तरं दिली. एक 'गप्प', दुसरं 'तुझा तिसरा डोळा उघडलाय, पण मम्मीला सांगू नकोस.' (तिसरा डोळा म्हटलं की आपल्याला शंकर आठवतो. फिलिपिनो घरात मात्र तो शब्द इंग्रजीतूनच 'थर्ड आय' म्हणून येतो, आणि त्याने कुणी भस्म होत नाही. नको ते दिसतं, एवढंच.) दोन्ही उत्तरांत एक गोष्ट सारखी होती: बाहेर बोलायचं नाही.

लोला काही नास्तिक नव्हती. घरातली सगळ्यात कडक कॅथलिक तीच. तरी संध्याकाळी झाडाखाली कचरा टाकायला जाताना ती 'ताबी-ताबी पो' पुटपुटायची, म्हणजे जरा बाजूला व्हा हो, मी जातेय. अदृश्यात जे कोणी असतील त्यांना. तिची आई गावात मालीश करायची आणि तिलाही 'दिसायचं'. यात विसंगती शोधायला गेलं तर साडेचारशे वर्षं मागे जावं लागतं. १५६५ मध्ये स्पॅनिश वसाहत सुरू होण्याआधी त्या बेटांवर बाबायलान होत्या. बहुतेक बायकाच. आत्म्यांशी बोलणाऱ्या, औषध देणाऱ्या, गावाच्या मानाच्या. मिशनऱ्यांनी त्यांना चेटकिणी ठरवलं. विद्या मेली नाही, ती संतांच्या तसबिरींमागे जाऊन बसली आणि लॅटिन पुटपुटायला शिकली. लोलाचं मेण चर्चमधलं होतं ते उगाच नाही.

माझी चूक

दुसऱ्या भेटीत मुलीने मला सगळं सांगितलं. तीता महिन्यातून चार-पाचदा येते, पहाटे, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहते, बोलत नाही. आधी वास येतो, तीता पाठीला चोळायची त्या तेलाचा. कधी कधी कुणीतरी 'अनाक' अशी हाक मारतं. अनाक म्हणजे बाळ. आणि दिवसा पोटात 'कळतं', कोण आजारी आहे, कोण रडणार आहे.

मी काय केलं? फळ्यावर झोपेची आकृती काढली. झोप आणि जाग यांच्या उंबरठ्यावर मेंदू स्वप्नाचे तुकडे खोलीत सोडतो, ते खरे वाटतात, हे पुष्कळ लोकांना होतं, घाबरायचं कारण नाही वगैरे. बोललेलं सगळं बरोबर होतं. मुलगी आकृतीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही मम्मीसारखंच वाटतं, मिस. फक्त सैतानाच्या जागी मेंदू."

पुढच्या भेटीत ती हवापाण्यावर बोलली.

शिकाऊंना मी इथे थांबवते आणि एक अभ्यास वाचायला देते. २०१७ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी आवाज ऐकू येणाऱ्या दोन गटांची तुलना केली. एका गटात मनोविकाराचं निदान झालेले रुग्ण, दुसऱ्यात स्वतःला अतींद्रिय श्रवणशक्ती आहे असं मानणारी, कामधंदा नीट करणारी माणसं. आवाजांचं ध्वनीसारखं वर्णन, म्हणजे किती मोठा, कुठून येतो वगैरे, दोन्हीकडे बरंचसं सारखं. फरक होता तो त्रासात आणि ताब्यात. दुसऱ्या गटातल्यांना आवाजांनी कमी त्रास होत होता आणि त्यांना ते थोडेफार थांबवता-बोलावता येत होते. आणखी एक फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्यांदा कुणाला सांगितलं तेव्हा समोरच्याने कसं घेतलं, हे विचारलं असता दुसऱ्या गटाला चांगला प्रतिसाद मिळालेला असण्याचं प्रमाण जास्त होतं. यावरून कारण सिद्ध होत नाही. ज्यांचे आवाज मुळातच भयंकर, त्यांच्या बोलण्याने ऐकणारा घाबरतो, असंही असू शकेल. पण पहिला ऐकणारा काय करतो ही गोष्ट आपल्या हातातली आहे. या मुलीची पहिली ऐकणारी तोंडावर हात ठेवून गेली, दुसरीने गुपित करून टाकलं, तिसरी मी, मी आकृती काढली.

मुलांच्या बाबतीत घाईने मोठं निदान न करण्याची आणखी कारणं आहेत. २०१२ च्या एका एकत्रित विश्लेषणात नऊ ते बारा वयोगटातल्या सुमारे १७ टक्के मुलांनी कधी ना कधी असे अनुभव आल्याचं सांगितलं होतं, तेरा ते अठरा वयोगटात ते प्रमाण साडेसात टक्क्यांवर येतं. नेदरलँड्समध्ये सँड्रा एशर यांनी आवाज ऐकू येणाऱ्या ८० मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा केला, त्यात साठ टक्के मुलांचे आवाज त्या काळात थांबले.

म्हणजे तपासण्या करायच्या नाहीत असं नाही. वासाचा भास म्हटल्यावर टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातल्या, अपस्माराची (फिटच्या आजाराची) शंका घ्यावीच लागते. बालमेंदुतज्ज्ञाकडे पाठवलं, मेंदूचा आलेख काढला, निर्दोष आला. अभ्यास ढासळलेला नव्हता, विचार विस्कळीत नव्हते. झोप मात्र दयनीय. रोज पहाटे चारला जाग, आणि आईची गाडी येईपर्यंत टक्क.

मूग

चौथ्या भेटीत ती खुर्चीत नीट बसेना. विचारल्यावर सांगितलं, की शाळेचं पत्र घरी आलं त्या रात्री बाबांनी तिला मुगाच्या दाण्यांवर गुडघे टेकून वीस मिनिटं देवासमोर बसवलं. जुनी फिलिपिनो शिक्षा आहे ही. गुडघ्यांवर बारीक लाल खड्डे होते.

न्यू जर्सीत कायदा असा आहे, की मुलावर अत्याचार होत असल्याचं मानायला सबळ कारण असेल तर कळवण्याचं बंधन कोणत्याही व्यक्तीवर आहे. फक्त शिक्षक-डॉक्टरांवर नाही, कोणावरही. 'सबळ' कुठे सुरू होतं यावर मी माझ्या वरिष्ठांशी अर्धा तास बोलले, मग घरी फोन करून आधी आईला सांगितलं की मी कळवणार आहे, आणि कळवलं. बालसंरक्षण विभागाने नोंद घेतली, चौकशी उघडली नाही.

वडिलांचा फोन आला. आरडाओरडा नाही. "मॅम, आमच्यात सगळ्यांनी केलंय हे. मीही केलंय. म्हणून तर मी आज इथे आहे." त्यांनी मुलीला सहा आठवडे माझ्याकडे पाठवलं नाही.

वर्गात यावर दरवेळी वाद होतो. परत वेळ आली तर मी परत कळवीन. पण त्याची किंमत काय पडली हेही सांगायला हवं. त्या सहा आठवड्यांत घरात मी नव्हते, आणि माझ्या जागी आईचा प्रार्थनागट आला.

फादर

शुक्रवारची संध्याकाळ, दिवाणखान्यात सात मोठी माणसं आणि मध्ये खुर्चीवर ही. डोक्यावर हात ठेवून सैतानाला बाहेर पडायची आज्ञा करायची असं ठरलं होतं. आईच्या मनात कुठेतरी खुट्ट झालं असावं, कारण तिने पॅरिशच्या फादरना 'आशीर्वाद द्यायला' बोलावून ठेवलं. ते आले, खोलीकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "आज आपण फक्त रोझरी म्हणू."

रोझरी झाल्यावर त्यांनी गटाला बाहेरच्या खोलीत नेऊन जे सांगितलं, त्याला आधार आहे. चर्चच्या कायद्याच्या ११७२ व्या कलमाप्रमाणे बाधा झालेल्यावर भूतनिष्कासनाचा विधी करायला स्थानिक बिशपची स्पष्ट परवानगी लागते, आणि ती फक्त धर्मगुरूलाच मिळते. १९८५ मध्ये रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, बिशपांना पत्र पाठवून आठवण करून दिली होती, की सामान्य भाविकांनी ते मंत्र वापरायचे नाहीत आणि प्रार्थनासभांत सैतानाला थेट प्रश्न विचारायचे नाहीत. १९९९ चा सुधारित विधीही आधी खात्री करून घ्या, गरज पडल्यास वैद्यकीय तज्ज्ञांना विचारा असं सांगतो. कडक घराला वाटत होतं आपण चर्चपेक्षा जराही मागे नाही. प्रत्यक्षात ते चर्चच्या बरंच पुढे निघून गेलं होतं.

मग फादरनी मुलीला विचारलं, "झोप किती होते तुला?" हा प्रश्न मला दुसऱ्या भेटीत सुचायला हवा होता.

तिने त्यांना उलटा प्रश्न टाकला. फळीवरच्या फातिमाच्या मूर्तीकडे बोट दाखवून म्हणाली, फातिमाच्या लूसियाला मरिया दिसली तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिच्या आईलाही वाटायचं मुलगी खोटं बोलते, मारही खाल्ला तिने. तिच्या बरोबरच्या दोघांना पोपनी संत केलं. मग मला दिसलं की सैतान कसा?

फादर हसले असं आई सांगते. "लूसियाने दुकान नाही मांडलं."

"लोक तिच्याकडेही मागायला यायचे."

"यायचे. आणि त्याचा तिला त्रासच झाला."

मग त्यांनी जो भेद सांगितला, त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २११६ व्या परिच्छेदात भविष्यकथनाचे सगळे प्रकार नाकारले आहेत: मृतांना बोलावणं, राशी, हात बघणं, माध्यमांकडे जाणं. वाचताना लक्षात येतं की बंदी माणूस जे करायला जातो त्याची आहे. न मागता पहाटे पलंगापाशी जे उभं राहतं, त्याबद्दल त्या मुलीचा दोष काहीच नाही. तिथे चर्चचा सल्ला पारखून घ्या एवढाच, बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातला. "आलेलं वेगळं, मागितलेलं वेगळं," असं फादर म्हणाले. पहाटेची तीता आलेली. कॅफेटेरियातला डॉलर मागितलेला.

भाकीत खरं ठरलं म्हणून माणूस संत ठरत नाही, हेही चर्चने फार पूर्वीपासून धरून ठेवलंय. आणि आणखी एक, हे नंतरचं: मे २०२४ मध्ये रोमने साक्षात्कारांबद्दल नवी नियमावली काढली. तिच्यानुसार बिशप आता सहसा 'हे अलौकिक आहे' असं जाहीरच करत नाहीत, जास्तीत जास्त 'हरकत नाही' म्हणतात. ते वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. माझ्या कामाची मर्यादाही नेमकी तीच आहे.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला, "मॅम, फादर म्हणाले तुमच्याकडे परत यावं."

वही

मी तिला एक वही दिली. तारीख, वेळ, काय कळलं, पुढे काय झालं. आणि फादरांकडून उसना घेतलेला एक रकाना: आलं की मागितलं? अट एकच, घडायच्या आधी लिहायचं.

दोन महिन्यांत 'मागितलं' या रकान्यातलं एकही धड लागलं नाही. इअरफोन सांगितला तिथे नव्हता. ती हिरमुसली, पण लिहीत राहिली. खोट्या मुली असं करत नाहीत. 'आलं' या रकान्यात मात्र अचूक नोंदी होत्या, आणि त्या जवळजवळ सगळ्या आईबद्दल होत्या. 'आज मम्मी रडणार.' 'आज कुणीतरी गेलं तिच्या वॉर्डात.' आईने पानं वाचली आणि तिचा चेहरा उतरला, कारण तारखा खऱ्या होत्या.

कसं कळतं, हे आम्ही दोघी एक अख्खा तास शोधत बसलो. वर्गात मी हा तास सगळ्यात सावकाश सांगते. मी तिला डोळे मिटायला लावले आणि पहाट पहिल्यापासून सांगायला सांगितलं. लोला घोरतेय. रेडिएटर टकटक करतोय. गाडी आली. इंजिन बंद झालं. आणि मग ती थांबली. "मग दार," ती म्हणाली. "गाडीचं दार. कधी लगेच उघडतं. कधी नाही उघडत." किती वेळ नाही उघडत? ती मनात मोजत होती, ओठ हलत होते. जी बाई रात्रभर कुणाचा तरी हात धरून बसलेली असते, ती इंजिन बंद केल्यावर लगेच उतरत नाही, काळोखात स्टिअरिंगवर हात ठेवून बसते. मुलगी तीन वर्षं ते सेकंद मोजत आली होती, आणि आपण मोजतो हे तिला ठाऊक नव्हतं.

आजोबांचंही मग आठवलं. शाळा सुटताना ते नातीला न्यायला यायचे. पाय सुजलेले, बूट चढत नव्हते म्हणून सपाता, ओठ निळसर. नर्सच्या मुलीने बघितलं होतं, पोटाने जुळवलं होतं.

तिला आनंद होईल असं मला वाटलं. एवढी बारीक नजर म्हणजे काही कमी नाही. ती रडायला लागली. "मग तीता पण मीच?"

मी त्या दिवशी फळ्याकडे गेले नाही. तुझ्या वहीत एप्रिल २०२० नाही, एवढंच म्हटलं. त्या पहाटेबद्दल मला जे सांगता येईल ते अंदाजच असतील. तीता अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होती, घर कुजबुजत होतं, आई अवेळी स्वयंपाकघरात बसली होती. हे सगळं खरं, आणि त्यावरून काही ठरत नाही. तिला मी दुसरंच सांगितलं. डेवी रीस नावाच्या वेल्समधल्या एका डॉक्टरने आपल्या भागातल्या २९३ विधवा-विधुरांना भेटून १९७१ मध्ये एक निबंध लिहिला. जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जाणवत होता, कुणाला दिसत होता, कुणाला ऐकू येत होता. बहुतेकांना त्याने बरं वाटायचं. आणि बहुतेकांनी ते तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

निबंधाची प्रत ती घरी घेऊन गेली. आईने वाचली. नर्स आहे, ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापलेलं म्हटल्यावर वाचणारच.

आईचा प्रश्न

फेब्रुवारीत दोघी एकत्र आल्या. आई कोटाची बटणं न काढताच बसली. तिने सांगितलं, की रुग्णालयाच्या जिन्यात तिलाही कधी कधी त्या तेलाचा वास येतो. तीन वर्षं. नवऱ्याला सांगितलं नाही, फादरना सांगितलं नाही.

मग तिने मुलीकडे न बघता विचारलं, "आते माझ्यावर रागावलीय का? तुला दिसते तेव्हा?"

पाळीची अदलाबदल झाली होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आईला ताप होता, तिची एक रात्र आतेने केली. त्याच रात्री लागण झाली की आणखी कुठे, कुणीही सांगू शकणार नाही.

मुलगी बराच वेळ गप्प बसली. मला वाटलं ती आता 'नाही, रागावली नाहीये' म्हणेल. कुठल्याही मुलीने म्हटलं असतं, आणि आईला तेच हवं होतं. मी मध्ये पडायच्या बेतात होते. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "मम्मी, हे मागणं झालं."

आईने तोंडावर हात ठेवला. या वेळी स्वतःच्या.

"मला नाही माहीत," मुलगी म्हणाली. "ती नुसती उभी असते."

माझ्या मते उपचार जो काय झाला तो इथे झाला, आणि मी त्यात नव्हते. तीन वर्षं 'बोलू नकोस' म्हणणारी बाई स्वतःच निरोप आणायला सांगत होती. तीन वर्षं घरातल्या प्रत्येकाच्या मनातलं आधी ओळखून वागणाऱ्या मुलीने पहिल्यांदाच समोरच्याला हवं ते उत्तर दिलं नाही. त्यानंतर आईला मी प्रौढांच्या शोकगटाकडे पाठवलं. मार्च २०२२ मध्ये निदानांच्या अमेरिकी नियमावलीत लांबलेल्या शोकाचा विकार समाविष्ट झाला आहे, आणि त्यात बसणारं माणूस या घरात असेल तर ती आईच होती. शाळेच्या चिठ्ठीवर नाव मात्र मुलीचं होतं.

एप्रिलमध्ये, तिसऱ्या वर्षी, त्यांनी उशिराचं पासियाम केलं. नऊ संध्याकाळी. २०२० मध्ये ज्यांना येता आलं नव्हतं ते आले, तीताच्या वॉर्डातल्या दोघी गणवेशातच आल्या. वडिलांनी नऊही दिवस खुर्च्या मांडल्या. माझ्याशी ते अजून फारसं बोलत नाहीत.

शाळेतली रांग दोन आठवड्यांत विरली. 'आता मी सांगत नाही' म्हटल्यावर मुलांना तिच्यात काही राहिलं नाही, आणि वसंतभर ती बहुतेक एकटी जेवली. हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. ती 'शक्ती' तिची एकमेव पत होती, आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून, तिच्या भल्यासाठी, काढून घेतली. पुढच्या वर्षी चित्रकलेच्या वर्गात एक मैत्रीण मिळाली, ती योगायोगाने.

जूनमध्ये फाइल बंद केली तेव्हा तीता महिन्यातून एखाद्या वेळी येत होती. झोप सहा तासांवर गेली होती. आईने एक सवय लावून घेतली होती: गाडी बंद केली की मुलीला फोनवर एक शब्द टाकायचा, 'बसलेय' किंवा 'येतेय'.

शेवटच्या भेटीत आईने एक गोष्ट सांगितली. लोलाने परत भांडं काढलं होतं, या वेळी आईसाठी, जिन्यातल्या वासासाठी. आई नाही म्हणाली नाही. फादरना ते आवडलं नसतं, आणि ती त्यांना सांगणारही होती, शनिवारी. तर न्हाणीघरात पंखा लावून तिघी बसल्या, आई टबाच्या कडेवर, लोला स्टुलावर. मेण गोठलं. लोलाला आता नीट दिसत नाही, म्हणून तिने भांडं नातीपुढे धरलं, काय दिसतंय सांग म्हणाली.

नातीने वाकून बराच वेळ बघितलं.

"मेण," ती म्हणाली.